आधी गाठींची तारीख, मग बाकीचं

नमस्कार श्रोतेहो. आज बी.एस्सी.ला असलेल्या मुलामुलींशी बोलायचंय, आणि त्यांच्या आईवडिलांशीही. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. "मॅडम, थिअरी, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, त्यात युवक महोत्सवाची तालीम, जमवायचं कसं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मी सांगते, जे आपल्यासाठी थांबणार नाही ते आधी वहीत लिहा.

सोयाबीनचंच घ्या. आपल्या मराठवाड्यात शिवारभर तेच असतं, म्हणून प्रोजेक्टला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, घेणं सोयीचं. पेरणीनंतर साधारण 40-45 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, मुळांवरच्या गाठी ऐन भरात असतात. रोप नुसतं उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा, पाण्यात भिजवा, हलक्या हाताने धुवा. मग एक गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतला नायट्रोजन बांधतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच. पांढरी किंवा हिरवट निघाली तर बाजूला ठेवा. शेंगा भरत आल्या की गाठी उतरणीला लागतात, म्हणजे ऑगस्ट हुकला की हंगाम हुकला. इंटर्नलचा अभ्यास जुलैत उरकता येतो, तालमीची वेळ बदलून मागता येते. गाठींना कुणी विनंती करायची?

पुढे मात्र प्रयोगच तुम्हाला मोकळा वेळ देतो. ऑटोक्लेव्ह, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवायचा, पण तापणं-निवणं धरून तास सहज जातो. तेवढ्यात जर्नल लिहून होतं. सोयाबीनच्या गाठीतले जिवाणू तर फार सावकाश वाढतात, त्या खाद्याच्या प्लेटवर कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा नुसत्या डोळ्यांना दिसणारा ठिपका, उमटायला 5 ते 7 दिवस, कधी त्याहून जास्त. तालीम, एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, श्रमदान याच दिवसांत बसवा. रोज प्लेट बघून नोंद तेवढी करायची, पण त्याच दिवशी आणि तारीख घालून. सबमिशनच्या आदल्या रात्री आठवून लिहिलेली नोंद मी स्वीकारत नाही.

आणि उपक्रम एकच धरा. एनएसएसचे वर्षाला 120 तास भरायचे असतात, शिवाय 7 दिवसांचं शिबिर. त्यावर नाटक, क्रीडा, वक्तृत्व असं सगळं घेतलं की अभ्यास मागे पडतोच.

खेड्यातून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींची मला जास्त काळजी वाटते. शेवटची गाडी गाठायची म्हणून त्यांची संध्याकाळची लॅब बुडते. त्यांच्यासाठी सकाळी लवकर लॅब उघडणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे, त्यांनी ते हक्काने मागावं. आईवडिलांनो, काढणीच्या दिवसांत तिला घरी थांबवण्याआधी तिची प्लेट कधी बघायची आहे, एवढं एकदा विचारा.

यंदा सोयाबीन हुकलं असेल तर हरभरा आहे. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, डिसेंबरात फुलं येण्याच्या सुमारास मुळं काढा. सेमिस्टरची परीक्षा त्याच आसपास येते, तेव्हा कुणाच्या शेतातून रोपं आणायची हे दिवाळीच्या सुट्टीतच ठरवून ठेवा.