बायांमध्ये बसू द्या

नमस्कार श्रोतेहो. काल संक्रांत झाली. आज १५ जानेवारी, सेना दिन. १९४९ साली याच दिवशी करिअप्पांनी इंग्रज सेनापतीकडून आपल्या लष्कराची सूत्रं हाती घेतली. तिळगूळ आणि सेना दिन असे लागूनच येतात. आमच्या गावातल्या एका घरात हे दोन दिवस कसे जातात, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

त्या घरचा मुलगा माझा विद्यार्थी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो. पोरगा शिपाई म्हणून भरती झाला, मग परीक्षा देऊन डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात गेला आणि खांद्यावर तारे घेऊन परतला. शिपायाचा साहेब झालेला आमच्या गावातला तो पहिलाच. काही वर्षांनी सीमेवर त्याला वीरमरण आलं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याच्या पत्नीची तशी इच्छा आहे.

विदर्भाने असे दिवस पाहिलेले आहेत. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, तेव्हा दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान गेले. पवनीचे मेजर प्रफुल्ल मोहरकर २३ डिसेंबर २०१७ ला राजौरीत धारातीर्थी पडले. अशा वेळी अख्खा तालुका लोटतो. आमच्याकडेही लोटला होता. माणसं ट्रॅक्टरवर, घरांच्या छपरांवर उभी होती. पार्थिवावरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिरंगा चितेवर जात नाही. जवानांनी तो काढला, घडी घातली आणि त्याच्या पत्नीच्या, त्या घरच्या सूनबाईंच्या हातात दिला. तो कुठे ठेवायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेरवीपर्यंत ती घडी गव्हाच्या कोठीवर होती.

पुढे पलटणीकडून त्याची काळी पेटी आली. पांढऱ्या रंगात नाव, नंबर. आत गणवेश, दाढीचं सामान, मुलीने काढलेलं बैलजोडीचं चित्र, आणि सूनबाईंनी घरून पाठवलेली भिवापुरी मिरचीच्या तिखटाची बाटली. अर्धी संपलेली. मेसच्या जेवणावर तो ते तिखट टाकून खायचा, असं सोबत्यांनी सांगितलं.

नंतर कागद. लष्कराच्या नोंदीत माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, त्याचा हा असा फेरा. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात त्या कित्येक महिने फिरल्या, कडेवर धाकटा. ऐकणाऱ्यांत फौजी घरची माणसं असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, लग्नाची आणि लेकरांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या नोंदीच्या आदेशात, झाली का, ते सुट्टीवर आलेल्या पोराला आजच विचारा. आणि अडलंच, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

नियमसुद्धा माणसासारखेच हळूहळू शहाणे होतात. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीने दुसरं लग्न केलं, तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा. दिराशी केलं तरच चालू राहायचा. जणू ती बाई म्हणजे घरातली वाटणीची वस्तू. ही अट निघायला २०१७ साल उजाडलं. त्याच वर्षी साताऱ्याच्या शहीद कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचं प्रशिक्षण पुरं करून लेफ्टनंट झाल्या. ती वाट आहे, फार मोठी वाट आहे. पण जिच्या मागे वावर, सासू-सासरे आणि दोन लेकरं आहेत, तिला गावातच उभं राहायचं असतं.

आणि गावात काय होतं? तो गेल्यानंतरच्या २६ जानेवारीला सकाळी शाळेच्या मंचावर आम्ही सूनबाईंना शाल-श्रीफळ दिलं. मानपत्र मीच वाचलं. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या घरी हळदीकुंकू होतं. आळीतल्या सगळ्या बाया आल्या. सूनबाईंना बोलावणं नव्हतं. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढच्या वर्षी सत्काराचं सांगायला मी त्यांच्या सपरीत जाऊन बसलो. त्या तूर पाखडत होत्या. हातातलं सूप थांबलं. म्हणाल्या, ‘गुरुजी, सत्कार लय झाले. मले फक्त बायांमध्ये बसू द्या.’

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तीही बराच वेळ काही बोलली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं पत्रक काढलं. आमच्या ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं. हात वर झाले, ठराव झाला. पण ठरावाने कुणाच्या कपाळाला कुंकू लागत नाही, ते लावायला बाईचाच हात लागतो. संक्रांतीला माझी बायको वाणाचं ताट घेऊन त्यांच्या दारात गेली. सूनबाई मागे सरल्या. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पोराच्या दुःखाने वाकलेली ती म्हातारी उठली, ताटातली कुंकवाची कोयरी आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, ‘लाव वं माय, मीच लावतो तुले. माह्या पोराच्या नावाचं हाय.’

त्या क्षणी मी दारात उभा होतो, म्हणून तुम्हाला सांगू शकतो.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. यंदा ते त्यांच्याच घरी आहे, आणि आमंत्रण द्यायला धाकटा घरोघरी फिरून आला. वाण काय देणार म्हणून माझ्या बायकोने विचारलं. त्या म्हणाल्या, भिवापुरीचं तिखट कांडून आणलंय, लहान लहान बाटल्या भरून ठेवल्या आहेत.