किल्पेकची वळचण

इंग्लंडचा हेरफर्डशर परगणा. वेल्सची हद्द इथून फार लांब नाही. हिरवी कुरणं, आणि त्यांच्या मधे तांबड्या वालुकाश्मातलं हे बैठं चर्च. मनोरा नाही, कळस नाही. पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती चौकट तेवढी आहे. किल्पेक गावचं हे पॅरिश चर्च संत मेरी आणि संत डेव्हिड यांच्या नावाचं आहे.

1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि सरहद्दीवरच्या जमिनी आपल्या सरदारांत वाटल्या. किल्पेक गेलं विल्यम फिट्झ नॉर्मनकडे. त्याच्या वंशातल्या ह्यूनं 1140 च्या सुमारास हे चर्च बांधलं. पलीकडचं झाडीतलं टेकाड दिसतंय ना, ती त्याच घराण्याची गढी. आता दोन-चार पडक्या भिंती उरल्यात.

बांधणी सरळ आहे. आधी गावकऱ्यांचं दालन, मग धर्मगुरूंची जागा, टोकाला वेदीचा अर्धगोल. पण आत जायची घाई नको. आधी बाहेरून एक फेरी मारू, आणि मान वर करून.

वळचणीखाली ओळीनं दगडी तोड्या आहेत, म्हणजे छपराला आधार द्यायला भिंतीबाहेर काढलेले दगड. मूळच्या 91, आज 85. प्रत्येकीवर वेगळं काहीतरी. ख्रिस्ताचं प्रतीक असलेला कोकरू आहे. मला तो शिंगरासारखाच वाटतो. एक वादक आहे. शिकारी कुत्रा आणि ससा तर गाल चिकटवून बसलेत, जुने सोबती असावेत तसे. आणि ही बाई, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी. अशा मूर्तींना शीला-ना-गिग म्हणतात. चर्चच्या भिंतीवर ती कशाला? वासनेपासून सावध करायला, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींच्या मते दृष्ट लागू नये म्हणून. एकमत अजून झालेलं नाही. ती मात्र डोळे वटारून हसतेच आहे.

आता दक्षिणेचं दार. माथ्यावरच्या अर्धगोलात द्राक्षवेलीसारखा जीवनवृक्ष. कमानीवर चोचवाली डोकी. बाजूच्या खांबांवर सापांची वेटोळी आणि वेलींत गुरफटलेले शिपाई. त्यांच्या विजारींच्या चुण्या बघा. जवळपास नऊशे वर्षं झाली, कडा अजून स्पष्ट आहेत.

आत, वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या दोन्ही अंगांना एकावर एक उभे तीन-तीन संत. अशी रचना स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथेड्रलच्या दारावर आहे. याच परगण्यातल्या शॉबडनचं चर्च बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमंड सांतियागोच्या यात्रेला जाऊन आला होता. त्या वाटेनंच ही कल्पना इकडे आली असावी, असं मानतात.

शॉबडनचं कामही याच घडणीच्या कारागिरांचं. अठराव्या शतकात ते चर्च पाडलं, आणि कोरीव कमानी शोभेसाठी टेकडीवर मोकळ्यावर नेऊन उभ्या केल्या. तिथल्या ऊनपावसानं आकृत्या इतक्या झिजल्या, की आता चेहरेही ओळखू येत नाहीत.

किल्पेकचं दार मात्र मूळच्याच जागी राहिलं. 1848 मध्ये दुरुस्ती झाली. प्रार्थनेला गावकरी आजही इथे जमतात, डोक्यावर ससा आणि कुत्रा तसेच बसलेले.