वोल्फगांग शॉयब्ले: कलमांमधून राजकारण

बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, आणि ते चित्र सगळ्यांना आठवतं. पण पूर्व आणि पश्चिम जर्मनी या दोन देशांचे कायदे, जमिनी आणि न्यायालयं एका चौकटीत बसवायची राहिली होती. ते काम पश्चिम जर्मनीचे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्याकडे आलं.

शॉयब्ले १९४२ साली फ्रायबुर्गला जन्मले. जर्मनीत वकील व्हायचं तर दोन सरकारी परीक्षा द्याव्या लागतात, मधे उमेदवारीचा काळ. त्या झाल्या, आणि १९७१ मध्ये डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता लेखापरीक्षण कंपन्यांमधल्या लेखापरीक्षकांचं कायदेशीर स्थान. रुक्ष, पण माणूस कळतो. थोडा काळ करखात्यात काढून १९७२ मध्ये ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनतर्फे संसदेत गेले आणि २०२३ मध्ये वारले तेव्हाही खासदारच होते. मधली काही वर्षं, १९७८ ते १९८४, ऑफेनबुर्गला वकिलीही केली.

आता एकीकरणाचा करार. वाटाघाटी ६ जुलै १९९० ला सुरू झाल्या, सही ३१ ऑगस्टला. समोर पूर्वेकडून ग्युंटर क्राउझ. आठ आठवडे, ४५ कलमं, आणि खरा करार जोडपत्रांत. रचना अशी: कलम ८ म्हणतं, पश्चिमेचा कायदा पूर्वेत लागू. त्याचे अपवाद आणि बदल पहिल्या जोडपत्रात, पूर्वेचे टिकणारे कायदे दुसऱ्यात. राज्यघटनेत बदल होणार होते, म्हणून संसदेत दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे विरोधातल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाशिवाय गाडी हलणार नाही.

ती अडली गर्भपातावर. पूर्वेत १९७२ पासून पहिल्या १२ आठवड्यांत मुभा होती, पश्चिमेत तो गुन्हा, काही सवलती सोडून. मग पश्चिमेतली स्त्री पूर्वेत जाऊन आली तर तिच्यावर खटला भरायचा का? कायदा राहत्या ठिकाणाचा, की कृती घडली त्या ठिकाणचा? दुसरं उत्तर टिकलं. मूळ प्रश्न मात्र सुटला नाही. नव्या कायद्यासाठी संसदेला १९९२ अखेरची मुदत दिली, कायदा झाला, तो १९९३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बऱ्याच अंशी रद्द केला आणि १९९५ मध्ये पुन्हा लिहावा लागला. शॉयब्ले यांची हातोटी यातच दिसते. जे मिटत नाही त्याला तारीख लावायची आणि करार पुढे न्यायचा.

मालमत्तेबाबत असं करणं जमलं नाही. १९४५ ते १९४९ दरम्यान सोव्हिएत अमलाखाली घेतलेल्या जमिनी परत नाहीत. त्यानंतर घेतलेल्या शक्यतो मूळ मालकाला परत, भरपाई दुय्यम. ऐकायला न्याय्य, पण मालकीचा दावा लटकलेला असेल तर ती जमीन तारण घेऊन कर्ज कोण देणार? गुंतवणूक खोळंबली, आणि मार्च १९९१ मध्ये गुंतवणूकदाराला अग्रक्रम देणारा दुरुस्ती कायदा आणावा लागला.

कलम २ ची भाषा बघा: राजधानी बर्लिन, पण संसद आणि सरकार कुठे बसणार ते एकीकरणानंतर ठरवू. ३ ऑक्टोबरला एकीकरण झालं. १२ ऑक्टोबरला ओपेनाउच्या प्रचारसभेत मानसिक आजार असलेल्या एकाने शॉयब्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं. २० जून १९९१ ला, संसद बॉनमध्येच राहावी की बर्लिनला जावी या चर्चेत, त्याच खुर्चीतून त्यांनी बर्लिनच्या बाजूने भाषण केलं. विरोधी पक्षाचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट उठून त्यांच्याजवळ गेले. मतं ३३८ विरुद्ध ३२०. इतक्या निसटत्या फरकाचा प्रश्न करारात आधीच ठरवायला गेले असते, तर तिथेच वाटाघाटी अडल्या असत्या.

याच कायदेपंडिताला एका साध्या नोंदीने गाठलं. १९९४ मध्ये शस्त्रदलाल कार्लहाइन्त्स श्रायबरकडून १,००,००० मार्क रोख घेतले. २०,००० मार्कांवरच्या देणगीत दात्याचं नाव पक्षाच्या हिशेबात दाखवणं बंधनकारक, ते दिसलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेत श्रायबरच्या भेटीबद्दल सांगितलं, रकमेबद्दल नाही. जानेवारी २००० मध्ये कबुली द्यावी लागली आणि त्याच वर्षी पक्षाध्यक्षपद गेलं.

२००९ ते २०१७ ते अर्थमंत्री होते. २०१४ चा अर्थसंकल्प नव्या कर्जाशिवाय पार पडला, १९६९ नंतर पहिल्यांदा. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या कर्जाचा तिढा आला तेव्हाही त्यांचं बोट युरो चलनाच्या कराराच्या मजकुरावर होतं: युरोत राहून कर्जमाफी मिळत नाही, ती हवी तर पाच वर्षं युरोबाहेर राहा. १३ जुलैच्या सकाळी ग्रीस युरोतच राहिला, माफीशिवाय, नव्या कर्जावर.