अंधार राखणारा तांबडा उजेड

नागपूरहून मनसर ओलांडून सिल्लारीकडे निघाले की शहराच्या दिव्यांची पिवळसर आभा मागे राहते. हा परिसर पेंच व्याघ्र प्रकल्पाचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून त्याला मान्यता मिळाली.

इथे आकाश पाहायला आलेल्या एका मुलीच्या हातात साधी टॉर्च आहे. तिने काचेवर तांबड्या जिलेटीन कागदाचे दोन पदर ठेवून ते रबरबँडने आवळले आहेत. उजेड तरीही डोळ्यांत खुपतो, म्हणून ती आता तिसरा पदर चढवत आहे. नकाशावरची अक्षरे जेमतेम वाचता यावीत, इतकाच उजेड तिला हवा आहे. खुणा तिने काळ्या शाईने केल्या आहेत, कारण तांबडी शाई या उजेडात कागदातच विरून जाते.

अंधारात आपल्याला दिसते ते डोळ्याच्या पडद्यातील दंडपेशींमुळे. त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात विघटित होते, अंधारात पुन्हा तयार होते, आणि त्याचा साठा पुरेसा भरून येण्यास सुमारे अर्धा तास लागतो. हे द्रव्य ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर हिरवा प्रकाश सर्वाधिक शोषते, तर ६२० नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा प्रकाश फारच थोडा शोषते. म्हणूनच मंद तांबड्या उजेडात नकाशा वाचूनही डोळ्यांची ही कमाई बव्हंशी शिल्लक राहते. हिरव्या उजेडात बारीक अक्षर अधिक सहज वाचता येते हे खरे, पण दंडपेशींना तोच उजेड अधिक जाणवतो, आणि तो अत्यंत मंद ठेवण्याची शिस्त फार थोड्यांना पाळता येते. आमचा कौल तांबड्यालाच आहे. मात्र तो मंदच असायला हवा. झगझगीत तांबडा उजेडही डोळे दिपवतो.

पायवाटेवर चालताना पांढरीच टॉर्च वापरावी, कारण तांबड्या उजेडात पाचोळा आणि साप सहज वेगळे ओळखू येत नाहीत.

अर्धा तास झाला आहे. मुलीने नजर देवयानी तारकासमूहाकडे वळवली आहे. तिथली दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. दृष्टीच्या ऐन मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, म्हणून ती नजर किंचित बाजूला ठेवते. धुरकट ठिपका हळूहळू लांबट होत जातो, आणि ती टॉर्च बंद करते.