पहिल्या भेटीनंतरचे सहा आठवडे

[दृश्य : अंधारी खोली. उशीशेजारी मोबाइल, त्यावर ३.४० ही वेळ.]

डिप्रेशन म्हटलं की रडवेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. दवाखान्यात मात्र पुष्कळ माणसं येतात ती झोपेची, डोकेदुखीची, अपचनाची, सततच्या थकव्याची तक्रार घेऊन. पहाटे जाग येते ती येतेच, पुन्हा डोळा लागत नाही. एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आंघोळीला उठणं जिवावर येतं. घरचे म्हणतात, आळस आहे. आजारी माणसाला ते पटतंसुद्धा, कारण स्वतःला दोष देत राहणं हे या आजाराचं एक लक्षणच आहे.

मग साधं दुःख आणि आजार यांतला फरक ओळखायचा कसा? डॉक्टर मुदत पाहतात आणि अडलेली कामं पाहतात. किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, या दोहोंपैकी एक तरी असावंच लागतं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालींतला मंदपणा किंवा तगमग, आणि मरणाचे विचार. अशा एकूण ९ लक्षणांपैकी ५ किंवा अधिक असली, आणि त्यामुळे रोजचं काम अडत असलं, तर निदानाचा विचार होतो. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखात असलेल्यालाही डिप्रेशन होऊ शकतं. ‘कारण आहे ना, मग आजार कसला?’ हा हिशेब चुकतो.

[दृश्य : एका पानाचा फॉर्म. चार रकाने, पेनाची खूण.]

हा पीएचक्यू-९ नावाचा, डिप्रेशनची लक्षणं मोजणारा फॉर्म. प्रश्न नऊच. प्रत्येकाला ० ते ३ गुण : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज जास्तीत जास्त २७. ती १० किंवा त्याहून अधिक आली तर डॉक्टरांना दाखवावं. पण फॉर्म गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारतो आणि माणसं तो आजच्या वाईट रात्रीच्या मनःस्थितीत भरतात. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइड मंदावलेल्या माणसाचीही बेरीज वाढलेली येऊ शकते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायला हवं.

जायचं कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात, समुपदेशक ठरावीक अडचणींवर मदत करतात. यांतलं कुणीच माहीत नसेल तर नेहमीचा फॅमिली डॉक्टर ही वाईट सुरुवात नाही. तो रक्त तपासायला सांगेल. मनाचं दुखणं आणि सुई कशाला, म्हणून काही जण तिथेच चिडतात. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांत थकवा आणि उदासी हुबेहूब अशीच दिसू शकते. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मनःस्थिती पालटते, म्हणून चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

[दृश्य : वहीचं पान. हाताने लिहिलेल्या पाच-सहा ओळी.]

पहिल्या भेटीत बोलताना सुचत नाही, घसा दाटतो, महत्त्वाचं राहून जातं. म्हणून आदल्या दिवशी अर्धं पान लिहावं. कधीपासून. झोप किती ते किती. वजन कमी झालं का वाढलं. कोणती कामं सुटली. पूर्वी असं झालं होतं का, घरात कुणाला होतं का. दारू किती, आणि इथे आकडा खरा सांगावा, कारण दारूनेच उदासी वाढत असेल तर औषधाचा परिणाम दिसणं अवघड होतं.

आणखी एक ओळ, जी बहुतेक जण गाळतात. आयुष्यात कधी उलट काळ आला होता का? चार-चार दिवस जेमतेम झोप, तरी थकवा नाही, अखंड बोलणं, डोक्यात योजनांची गर्दी, हातातून भसाभसा पैसे जाणं. माणसाला तो आपला चांगला काळ वाटतो, मग आजाराच्या यादीत कशाला लिहायचा? पण ती बायपोलर आजाराची, म्हणजे मन कधी उदासीच्या तर कधी अति उत्साहाच्या टोकाला जाण्याच्या आजाराची, खूण असू शकते. अशा वेळी नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर मन दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. या एका ओळीवर अख्खं प्रिस्क्रिप्शन बदलतं.

[दृश्य : कॅलेंडर. सलग आठवड्यांवर खुणा.]

सौम्य आजारात बोलण्याचे उपचार पुरू शकतात. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध सुचवलं जातं, अनेकदा दोन्ही. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी नावं. यांचं वेळापत्रक आधी माहीत असायला हवं, कारण माणसं उपचार सोडतात ती इथेच. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, धडधड, झोपेत बदल जाणवतात. फायदा मात्र दिसत नाही. गोळीने आणखीच बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. हे त्रास बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. सुधारणा दोन ते चार आठवड्यांत सुरू होते, पुरा अंदाज यायला सहा-आठ आठवडे लागतात. गंमत अशी की फरक अनेकदा आधी इतरांना दिसतो. जेवायला हाक मारली तर माणूस पहिल्या हाकेला येतो, त्याला स्वतःला मात्र अजून काहीच बदललेलं वाटत नसतं.

विशीच्या आसपासच्या आणि त्याहून लहान रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून त्यांना लवकर-लवकर परत बोलावतात. ती भेट चुकवू नये.

सवय लागेल ही भीती या गोळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोळ्यांबाबत खरी आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लगेच शांत करतात, म्हणून आवडतात. पण शरीर त्यांना सरावतं. त्या थोड्या आठवड्यांपुरत्याच असाव्यात, दारूबरोबर कधीच नसाव्यात. जुन्या चिठ्ठीवर पुन्हापुन्हा आणू नयेत, आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम थांबवूही नयेत.

बोलण्याच्या उपचाराबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार : ‘नुसतं ऐकून घेतात, उपाय सांगत नाहीत.’ चांगल्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, ऐकणं थोडं आणि काम बरंच असतं. सत्र पाऊण तास ते तासाचं, साधारण १२ ते २० सत्रं, मधल्या दिवसांत गृहपाठ. उदाहरणार्थ, दिवसाचा तक्ता. तासागणिक काय केलं, आणि त्यात मन कसं होतं याला ० ते १० गुण. आठवड्याने दिसतं की दुपारी अंथरुणात पडून राहिलेले तास २ वर आहेत आणि भावाशी दहा मिनिटं फोनवर बोललो तो तास ४ वर. मग पुढच्या आठवड्यात तो फोन तीनदा, ठरलेल्या वेळी, मन असो वा नसो. इच्छा झाली की करीन म्हटलं तर या आजारात इच्छा होतच नाही. आधी कृती, इच्छा मागून येते. तीन-चार सत्रांनंतरही सूर जुळला नाही तर तसं त्यांना सांगावं. थेरपिस्ट बदलणं हा अपमान नव्हे.

घरच्यांनी ‘फिरून ये, बरं वाटेल’ याऐवजी ‘सहा वाजता येतो, सोबत जाऊ’ म्हणावं. आणि शंका आली तर स्पष्ट विचारावं : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर पुढचं विचारावं, काही ठरवलंय का, कसं, कधी? बेत ठरलेला असेल तर माणसाला एकटं सोडू नये, औषधांचा साठा आणि कीटकनाशकं घरातून हलवावीत, आणि त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. हे कुणाला सांगणार नाही, असं वचन देऊ नये. हेल्पलाइनचा नंबर शांत दिवशीच फोनमध्ये साठवून ठेवावा.

[दृश्य : गोळ्यांची पट्टी. काही कप्पे रिकामे.]

औषध सुटण्याची दुसरी जागा म्हणजे बरं वाटू लागतं तेव्हाची. पहिल्याच वेळच्या आजारात पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. मध्येच बंद केली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. एका दिवसात थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरच आठवड्या-आठवड्यांनी उतरवतात. त्या काळात आपली पहिली खूण कोणती होती ते लिहून ठेवावं. कुणाची झोप आधी बिघडते, कुणी फोन उचलणं बंद करतं. ती खूण घरातल्या एकाला सांगून ठेवावी, आणि आठवडाभर सलग दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांची वेळ घ्यावी.