पीएच.डी.ची जागा शोधताना जाहिरात कशी वाचावी

नमस्कार. १८६३ साली जोसायाह विलर्ड गिब्ज यांना येल विद्यापीठाने अभियांत्रिकीची डॉक्टरेट दिली. अमेरिकेतील या विषयाची ती पहिली डॉक्टरेट मानली जाते आणि त्या प्रबंधाचा विषय होता दंतचक्रांच्या दात्यांचा आकार. ऊष्मागतिकीत पुढे एवढे मोठे नाव झालेल्या माणसाने सुरुवात इतक्या नेमक्या प्रश्नापासून केली, हे मला फार बोलके वाटते. कारण अभियांत्रिकीतील पीएच.डी.ची संधी म्हणजे मुळात असा एखादा नेमका प्रश्न, तो हाताळणारा मार्गदर्शक आणि त्यासाठी मंजूर झालेला निधी. विद्यापीठाचे मानांकन त्यानंतर पाहावे.

प्रवेशाच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. अमेरिकेत अर्ज विभागाकडे होतो, पहिली एक-दोन वर्षे अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा यांत जातात, खर्च बहुधा अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या मानधनातून भागतो आणि पदवीनंतर थेट प्रवेशही मिळू शकतो. जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये मात्र बहुतेक वेळा एका ठरलेल्या प्रकल्पातील पदाची जाहिरात निघते. निवड झालेल्याला करारावर पगार मिळतो आणि पदव्युत्तर पदवी सामान्यतः आधीच असावी लागते.

अशी जाहिरात सावकाश वाचावी. समजा, विषय बॅटरीतील उष्णतेच्या गणिती प्रतिमानाचा आहे आणि खाली एका ओळीत म्हटले आहे की, प्रयोग भागीदार कंपनीत होतील. ही ओळ सर्वांत महत्त्वाची. मोजमापांची मालकी कोणाची, शोधनिबंध पाठवण्यापूर्वी कंपनीची संमती किती दिवसांत मिळते आणि पेटंटसाठी प्रकाशन थांबवले तर प्रबंधाचे काय होते, हे मुलाखतीतच विचारावे. असे प्रश्न विचारले म्हणून चांगला मार्गदर्शक नाराज होत नाही. जो होतो, त्याच्याविषयी आपल्याला आवश्यक ती माहिती मिळालेली असते.

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतील डॉक्टरेट जाळ्यांचा (डॉक्टरल नेटवर्क्स, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेले पीएच.डी. कार्यक्रम) उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तेथे राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट आहे ती स्थलांतराची. नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवाराने यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य किंवा मुख्य काम केलेले नसावे. उमेदवाराकडे आधीची डॉक्टरेटही नसावी. चांगले गुण असलेले अर्जही केवळ या तारखांच्या हिशेबात बाद होतात.

प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलबद्दल थोडक्यात सांगतो. ‘आपल्या संशोधनाने मी प्रभावित झालो’ हे वाक्य त्यांना सतत वाचावे लागते. त्याऐवजी त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातील एका आलेखाविषयी तुम्हाला पडलेली खरी शंका लिहा, सोबत दोन पानांचा परिचय जोडा आणि तिथेच थांबा.

जागा मिळाल्याचे पत्र आल्यावर, स्वीकार कळवण्यापूर्वी, त्याच गटातील सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोलावे. आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी प्रत्यक्षात किती वर्षे लागली, निधी संपल्यावर त्यांनी कसे भागवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळण्यासाठी किती आठवडे थांबावे लागते, याची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत.