टाके सुकल्यानंतर

(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : पिठाची गिरणी, वजनकाटा]

यवतमाळ जिल्ह्यातील या गावात माणसाचे वजन करण्याजोगा काटा दोन ठिकाणी आहे. एक आरोग्य उपकेंद्रात आणि दुसरा या गिरणीत, जिथे एरवी गव्हाची आणि ज्वारीची पोती चढतात. बाईंनी हातातली काठी भिंतीला टेकवली आहे आणि गिरणीवाल्या भाऊंनी रिवाजाप्रमाणे तोंड दुसरीकडे वळवले आहे. काट्यावर ८१चा आकडा दिसतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी याच काट्याने ११२ किलो दाखवले होते, आणि मधल्या काळात एकदा ७७ देखील दाखवले होते. बाईंच्या विनंतीवरून त्यांचे आणि गावाचे नाव या माहितीपटात दिलेले नाही. गावाला सारे ठाऊक आहे, परंतु सोयरिकीच्या घरांना ते कॅमेऱ्यातून कळू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, कापूस विकून झाल्यावर, नागपुरातील एका खाजगी रुग्णालयात त्यांच्या जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकण्यात आला. उरले ते केळ्याच्या आकाराचे, नळीसारखे जठर. या शस्त्रक्रियेने जेवणाची जागा तर कमी होतेच, पण भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होते तो भागही निघून जात असल्यामुळे भूकच मंदावते. बाईंचा मधुमेह आणि गुडघ्यांची अवस्था पाहता शस्त्रक्रियेचा सल्ला वावगा नव्हता. आशियाई लोकांमध्ये बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २७.५च्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि त्यांचा इंडेक्स ४७च्या वर होता.

शस्त्रक्रियागृहाचे एकही दृश्य आमच्याकडे नाही, आणि त्याची उणीव भासू नये. दुर्बिणीतून दिसणारे चकचकीत जठर आणि त्यावरून फिरणारे स्टेपलर जाहिरातींत पुष्कळ पाहायला मिळते. शिवणीतून गळती होण्याची भीती असते ती पहिल्या काही दिवसांत, शंभरात एखाद-दोघांना, आणि तोवर रुग्ण बहुधा शहरात, डॉक्टरांच्या नजरेखाली असतो. टाके सुकले, चौथ्या दिवशी सुट्टी झाली, आणि बाई एसटीने घरी आल्या. या माहितीपटाचा विषय तिथून सुरू होतो.

[दृश्य : लोखंडी पेटीतून काढलेली फाईल]

ही ती फाईल. वरचे सुट्टीचे कार्ड इंग्रजीत आहे. कोणती गोळी कधी, हे औषधवाल्याने पाकिटांवर लिहून दिले होते. कार्डाच्या चौथ्या परिच्छेदात, सतत उलट्या झाल्यास ताबडतोब संपर्क साधावा, अशी सूचना होती. ती घरात कोणी वाचली नव्हती, कारण वाचू शकणारी पुतणी तेव्हा बारावीच्या परीक्षेसाठी तालुक्याला राहत होती.

[दृश्य : एप्रिलमधले वावर, भेगाळलेली काळी माती]

मार्चअखेर उलट्या सुरू झाल्या. आधी भाकरीचा घास थांबेना, मग वरण, आणि शेवटी पाणीसुद्धा. विदर्भात त्या दिवसांत पारा पंचेचाळिशीकडे सरकत असतो, आणि उन्हाळ्यात उलटी झाली की गावाचे निदान ठरलेले असते : ऊन लागले. मग तळपायांना कांदा चोळला गेला, कैरीचे गुळाचे पन्हे दिले गेले, आणि तरीही फरक पडेना तेव्हा जवळच्या दवाखान्यात बाटली लावण्यात आली. दर दोन-तीन दिवसांनी एक बाटली, असे बरेच दिवस चालले. यात कोणाच्या मनात खोट नव्हती. डॉक्टरांना जठराच्या शस्त्रक्रियेची कल्पना होती, परंतु तिचा उलट्यांशी काय संबंध असू शकतो हे त्यांना कोणी कळवले नव्हते, आणि रुग्ण गावी परतल्यावर गावाच्या डॉक्टरांना चार ओळींचे पत्र पाठवावे अशी पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

आत जे घडत होते ते असे. नळीसारख्या उरलेल्या जठराला मध्यावर जिथे नैसर्गिक वळण असते, तिथे ते आखडले होते. अन्न त्या वळणाशी अडे आणि उलटून पडे. अन्नच पोटात टिकत नसल्यामुळे शरीरातील बी-वन, म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा आटत चालला होता. हा साठा मुळात थोडका असतो. बाहेरून पुरवठा थांबला तर तो दोन-तीन आठवड्यांत संपायला येतो. साखरेपासून ऊर्जा तयार करण्यासाठी मेंदूला थायमिन लागते, म्हणून थायमिन संपत आलेल्या माणसाच्या शिरेत नुसते ग्लुकोज सोडले, तर जे थोडे उरलेले असते तेही त्या कामी खर्ची पडते आणि मेंदूचे काही भाग उपाशी राहून निकामी होऊ लागतात. मिठाच्या पाण्याची बाटली त्या वेळी गरजेची होती. ग्लुकोजच्या बाटलीआधी मात्र थायमिनचे इंजेक्शन जायला हवे होते.

मेंदूच्या या विकाराचे वर्णन कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने १८८१ साली केले. त्याच्या तीन रुग्णांपैकी दोघे दारूचे व्यसनी पुरुष होते, म्हणून हा विकार पुढे दारुड्यांचा म्हणूनच डॉक्टरांच्या लक्षात राहिला. तिसरी रुग्ण मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती. गंधकाम्ल पोटात गेल्यामुळे तिच्या जठराचे तोंड आखडले होते, आणि आठवडेच्या आठवडे ती उलट्या करत होती. जठर आखडणे, उलट्या आणि मग मेंदू, ही वाट तेव्हापासून नोंदलेली आहे.

बाईंना आधी एकाचे दोन दिसू लागले. मग चालताना तोल जाऊ लागला. त्यांच्या जाऊबाई सांगतात, “अंगणातून न्हाणीपर्यंत गेल्या तरी भिंत धरून जाये, आमाले वाटे अशक्तपणा हाये.” डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे आणि भ्रम होणे ही या विकाराची तीन लक्षणे पुस्तकात एकत्र दिलेली असतात, पण प्रत्यक्षात ती तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. तिन्हींची वाट पाहत बसले तर उशीर होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर एका निवासी डॉक्टरांनी उलट्या किती दिवसांपासून आहेत हा प्रश्न सर्वांत आधी विचारला आणि तपासण्यांचे कागद यायच्या आत थायमिन सुरू केले. दुहेरी दिसणे दोनच दिवसांत थांबले. पुढे नागपुरात तोंडावाटे दुर्बीण घालून, आखडलेले वळण फुग्याने दोनदा रुंद करण्यात आले. तोल मात्र पूर्वीसारखा आला नाही, आणि पायांच्या मुंग्या राहिल्या.

[दृश्य : स्वयंपाकघर]

चुलीमागच्या भिंतीवर लावलेला हा कागद म्हणजे एका बियाणे कंपनीच्या कॅलेंडरची कोरी पाठ आहे. पुतणीने परीक्षा संपल्यावर अख्खे कार्ड वाचले, नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून शंका विचारल्या आणि जाड स्केचपेनने हे लिहून काढले : “यांच्या जठराचा मोठा भाग काढला आहे. दोन दिवसांवर उलटी टिकल्यास ग्लुकोज लावण्याआधी बी-वन द्यावे. नाकातून नळी अंदाजाने घालू नये. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये.” खाली तीन फोन क्रमांक आहेत. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून वरून खताच्या पिशवीचे पारदर्शक प्लास्टिक लावले आहे. या कागदाची एक घडी बाईंच्या बटव्यात असते, आणि लग्नाकार्याला गेल्या तरी ती सोबत जाते. हे काम खरे तर रुग्णालयाचे होते.

जेवणाची रीत पाहण्यासारखी आहे. ताटात एका वेळी येते ते पाऊण वाटी घट्ट वरण, दोन फुणके आणि चमचाभर दही. तूरडाळ भिजवून, वाटून, वाफवलेले फुणके या घरात पूर्वीपासून कढीत सोडून खाल्ले जातात. आता ते आधी खायचे आणि भाकरीचा पापुद्रा जागा उरलीच तर, असा क्रम उलटला आहे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा सोबत एका महागड्या पावडरीचा डबाही लिहून दिला होता. तो दोन महिने आणला गेला. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की घरच्या वावरातून दरवर्षी क्विंटलांनी जे सोयाबीन बाजार समितीत जाते, त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. कच्चे सोयाबीन पचत नाही. ते शिजवून, वाळवून, भाजून दळावे लागते. आहारतज्ज्ञांना विचारून, ते पीठ आता ज्वारीच्या पिठात मिसळले जाते.

घास लहान, चमचा लहान, आणि प्रत्येक घासाला वीस-पंचवीसदा चावणे. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. ऐकायला ही रीत सोपी वाटते. पण वावरात काम करणाऱ्या माणसाला तहान लागली की तो तांब्याने घटाघटा पितो, आणि बाईंना ते आता कधीच जमणार नाही. दिवसाचे दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट करूनच जायला हवे, नाहीतर मे महिन्यात शरीर कोरडे पडते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. या बाटलीवर नेलपेंटने आखलेल्या रेघा पाहा. न्याहारीपर्यंत पहिली रेघ, बैल सोडेपर्यंत तिसरी.

[दृश्य : पऱ्हाटीच्या वावरात सीतादही]

कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादही होते. झाडाशी पूजा मांडली जाते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग वेचणाऱ्या बाया ओट्या बांधून ओळीत उतरतात. बाई यंदा धुऱ्यावर बसून काट्याने वेचाईचा हिशेब ठेवत आहेत, कारण भेगाळ जमिनीत दोन ओळींमधून चालायचे तर काठी रुतते. प्रसादाचा दहीभात त्यांनी चमचाभर घेतला आहे. उपचारांपायी दोन एकर वावर मक्त्याने गेले आणि धाकट्या मुलाचे आयटीआयचे एक वर्ष हुकले.

[दृश्य : वाशीम जिल्ह्यातील बसथांबा, पानठेला]

वाशीम जिल्ह्यातील या काकांनी एसटीत वाहक म्हणून नोकरी केली. त्यांची शस्त्रक्रिया सात वर्षांपूर्वीची आणि वेगळ्या प्रकारची आहे. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून तिला लहान आतडे थेट जोडले गेले. या बायपासमध्ये गोड पदार्थ पिशवीत न थबकता आतड्यात धाडकन उतरतो, आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. कधी दोन-तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून हातपाय कापतात. काकांना याचा पहिला धडा चहाने दिला. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नसतो, द्यायचाच असतो, आणि तो पाकासारखा गोड असला तरच पाहुणचार झाला असे मानतात. काका आता उंबऱ्यातूनच सांगतात, “वहिनी, बिनसाखरेचा, अन् अर्धाच कप.” सुरुवातीला दोन घरे रुसली होती.

पानठेल्यावर चाललेले हे काम विदर्भाच्या कुठल्याही थांब्यावर दिसते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन ती पन्नी लाकडावर ताणलेल्या दोरीवर सरसर घासायची, इतकी की सुपारी मऊ पडून सारे एकजीव व्हावे. हा खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, खर्रा घोटण्याचा आवाज मात्र थांबला नाही. बायपासच्या जोडावर व्रण होण्याची जी कारणे आहेत त्यांत धूम्रपान आणि दुखण्याच्या गोळ्या ही दोन ठळक आहेत, आणि डॉक्टर विडीइतकाच खर्राही सोडायला सांगतात. काकांनी विडी सोडली, खर्रा ठेवला. खांदा दुखू लागला तेव्हा आठवडी बाजारातून गोळ्यांची पट्टी आणली. शौचाला काळे होऊ लागले, पण रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी काळे होते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नाही. हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेल्यावर रक्त चढवावे लागले. खर्रा तेव्हापासून बंद आहे, असे ते सांगतात, आणि पानठेलेवाला मान डोलावतो.

[दृश्य : आशाताई, डायरी]

पुन्हा यवतमाळकडे. गरोदर बाईची, क्षयरोग्याची, रक्तदाबाच्या रुग्णाची नोंद आशाताईंच्या कागदांत असते. शहरात जठर कापून आलेल्या माणसासाठी रकाना नाही. म्हणून या आशाताईंनी डायरीच्या शेवटच्या पानावर आपल्या मनानेच एक तक्ता आखला आहे : महिन्याला बी-बाराचे इंजेक्शन, दर भेटीत वजन, वर्षातून एकदा रक्ताच्या तपासण्या. साधी रक्तगणना तालुक्याला होते. फेरिटिन (म्हणजे शरीरातील लोहाचा साठा), बी-बारा आणि डी जीवनसत्त्वासाठी सकाळच्या गाडीने यवतमाळ गाठावे लागते. चार किलो परत वाढले, त्याबद्दल आशाताई बाईंना रागावत नाहीत. दीड-दोन वर्षांनंतर थोडे वजन बहुतेकांचे परत येते, हे त्यांनी स्वतः विचारून घेतले आहे.

तक्त्यात अलीकडेच दुसरे नाव चढले आहे. पलीकडच्या वस्तीतील एका बाईंची शस्त्रक्रिया यंदाचा कापूस विकला गेला की ठरली आहे. कॅलेंडरच्या पाठीवरचा मजकूर पुतणीने त्यांना आधीच उतरवून दिला. थायमिनच्या इंजेक्शनची चौकशी आशाताईंनी तालुक्याच्या औषध दुकानात करून ठेवली आहे. ते तिथे ठेवलेले नसते, मागणी नोंदवली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने येते.